कीटकाचे शरीर आणि शेतमजुराचे शरीर

२७ जून २०२० रोजी, शनिवारी, गुरुग्रामवर टोळधाड आली. काचेच्या मनोऱ्यांसाठी आणि परदेशी कंपन्यांच्या कार्यालयांसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहराच्या आकाशात टोळांचे थवे पसरले, महात्मा गांधी मार्गावरील उंच इमारतींच्या भिंतींना ते चिकटले, आणि प्रशासनाने नागरिकांना खिडक्या लावून घेण्याचा व थाळ्या वाजवण्याचा सल्ला दिला. थवे लवकरच पूर्वेकडे निघून गेले. चित्रफिती काढून झाल्यावर शहर ती घटना विसरूनही गेले. शेतकऱ्याला मात्र ती चैन परवडत नाही. राजस्थान, हरियाणा, मध्य प्रदेश आणि विदर्भाचा काही भाग त्या उन्हाळ्यात टोळांशी झुंजत होता.

त्या वेळी टोळांविरुद्ध कोणते हत्यार वापरले गेले, हे पाहण्यासारखे आहे. फवारले गेले ते प्रामुख्याने मॅलेथिऑन आणि क्लोरपायरीफॉस. मे २०२० मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने ज्या २७ कीटकनाशकांवर बंदी घालण्याचा मसुदा प्रसिद्ध केला होता, त्यांत ही दोन्ही द्रव्ये होती. म्हणजे एका हाताने सरकार ज्याला घातक म्हणत होते, तेच दुसऱ्या हाताने शेतांवर शिंपडत होते. संकट दाराशी आलेले असताना हाताशी असेल ते वापरावे लागते, हे मान्य केले, तरी हाताशी दुसरे काही का नव्हते, हा प्रश्न उरतोच. त्याच वर्षी सोमालियात टोळांवर मेटारायझियम ॲक्रिडम नावाची बुरशी मोठ्या क्षेत्रावर फवारण्यात आली. ही बुरशी टोळाच्या कवचातून आत शिरते आणि आठवड्या-दोन आठवड्यांत त्याला मारते. टोळ आणि नाकतोडे यांच्या कुळाबाहेर तिचा उपद्रव जवळजवळ नाही. ती सावकाश काम करते, म्हणून धाड येण्यापूर्वी, पिल्ले जमिनीवर असतानाच ती वापरावी लागते. याचा अर्थ आधीपासूनची टेहळणी, साठा आणि नियोजन. बाजार यातले काहीच करून देत नाही.

गुरुग्राममध्ये अशा संशोधनाला स्थान नाही असे नाही. शहराच्या कडेला, फरीदाबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर ग्वाल पहाडी येथे टेरी या संस्थेचा परिसर आहे. १९७४ मध्ये टाटांच्या आश्रयाखाली ऊर्जासंशोधनासाठी स्थापन झालेल्या या संस्थेने तेथे ऑस्ट्रेलियातील डीकिन विद्यापीठाच्या सहकार्याने नॅनो-जैवतंत्रज्ञानाचे केंद्र चालवले आहे. सूक्ष्मजीवांपासून तयार होणाऱ्या शेती-निविष्टा हा त्याच्या कामाचा एक भाग. कीटकाचे शरीर कसे चालते, त्याला कोठे गाठता येते, आणि हे करताना माती, पाणी व माणूस कसे वाचवता येतील, या प्रश्नांवर तरुण संशोधक अशा ठिकाणी राबत असतात. वरवर पाहता हा प्रयोगशाळेतील किरकोळ विषय वाटतो. वस्तुतः या प्रश्नाशी हजारो शेतमजुरांच्या जिवाचा संबंध आहे.

तो संबंध समजण्यासाठी थोडे शरीरशास्त्र जाणून घेतले पाहिजे. मॅलेथिऑन, मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही सर्व सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषे एकाच ठिकाणी घाव घालतात. मज्जातंतूंचा संदेश पोहोचल्यावर तो थांबवणारे एक विकर शरीरात असते, त्याला ही विषे निकामी करतात. मग संदेश थांबतच नाही. स्नायू आकडतात, श्वास कोंडतो, मृत्यू येतो. परंतु हे विकर अळीत आहे तसेच माणसातही आहे. मॅलेथिऑनची मोडतोड मानवी शरीर बऱ्याच अंशी करू शकते, म्हणून ते त्यातल्या त्यात सौम्य गणले जाते. मोनोक्रोटोफॉसच्या बाबतीत तीही सवलत नाही. या पिढीतील कीटकनाशकांचे मूळ पाप हे आहे की ती कीटक आणि माणूस यांच्यात जे समान आहे त्यावरच प्रहार करतात.

देशाने याची किंमत फार पूर्वीपासून मोजली आहे. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन मिसळलेले धान्य व साखर खाऊन शंभरावर माणसे दगावली. त्यानंतर चौकशी झाली, आणि कीटकनाशक कायदा यायला १९६८ साल उजाडले. तोच कायदा पुढे अर्धशतकाहून अधिक काळ चालू राहिला. २००८ आणि २०२० मध्ये संसदेत मांडलेली नवी विधेयके कायद्यात उतरली नाहीत.

यवतमाळचे २०१७ साल महाराष्ट्रातील वाचकांना सांगायला नको. कपाशी त्या वर्षी पुरुषभर उंच वाढली होती. फवारणारा माणूस नळी डोक्याच्या वर धरत होता आणि विषाचे तुषार त्याच्याच अंगावर पडत होते. बीटी कापसाला न जुमानणाऱ्या गुलाबी बोंडअळीने आणि रसशोषक किडींनी शेतकऱ्याला घायकुतीला आणले होते, आणि दुकानदार सांगेल ती दोन-तीन विषे एकत्र मिसळली जात होती. एकट्या त्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मेले, शेकडो रुग्णालयात गेले, कित्येकांची दृष्टी काही काळ गेली. अधिकाऱ्यांचा पहिला खुलासा काय होता? मजुरांनी हातमोजे आणि मुखवटे वापरले नाहीत! ऑक्टोबरच्या उन्हात, रोजंदारीवर, पाठीवर भरलेला पंप घेऊन फिरणाऱ्या माणसाला रबरी पोशाखाचा उपदेश करणाऱ्यांनी तो पोशाख चढवून एक एकर फवारून दाखवावा. मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीची अधिसूचना निघाली ती २०२३ मध्ये.

आता दुसरी बाजू. कीटकाच्या शरीरात असे पुष्कळ काही आहे जे माणसाच्या शरीरात नाही. तो कात टाकतो; माणूस टाकत नाही. अळीपासून प्रौढापर्यंतचा त्याचा प्रवास विशिष्ट संप्रेरकांच्या हुकमतीखाली चालतो. १९६५ च्या सुमारास प्राग येथील संशोधक कारेल स्लामा आपले लाल ढेकूण घेऊन अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात कॅरोल विल्यम्स यांच्याकडे गेले. तेथे ढेकणांची पिल्ले प्रौढच होईनात. कात टाकून पुन्हा पिल्लेच राहू लागली. पाणी तपासले, खाद्य तपासले, अखेर दोष सापडला तो पिंजऱ्यातील कागदी टिपकागदात. तो कागद ज्या अमेरिकन झाडापासून बनला होता, त्यात कीटकाच्या बाल्य-संप्रेरकासारखे द्रव्य होते. मजा अशी की अमेरिकन वर्तमानपत्रांचा कागदही तेच करी, लंडनच्या टाइम्सचा करीत नसे. विल्यम्स यांनी १९६७ मध्ये यालाच तिसऱ्या पिढीची कीटकनाशके म्हटले. आपल्या कपाशीवरचा लाल ढेकूण त्याच कुळातला.

आपल्या देशातही हे काम परके नाही. १९६२ मध्ये दिल्लीवर टोळधाड आली तेव्हा भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत डॉ. एस. प्रधान यांनी उभ्या पिकांवर निंबोळीच्या गराचे पाणी फवारले; टोळ बसले, पण पिकाला तोंड लावेनात. गुरुग्रामपासून तासाभराच्या अंतरावर, अठ्ठावन्न वर्षे आधी! निंबोळीतील द्रव्य कीटकाच्या कात टाकण्यातही अडथळा आणते, हे पुढे स्पष्ट झाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत प्रभाकर रांजेकर, विद्या गुप्ता, अशोक गिरी आणि त्यांचे सहकारी यांनी घाटेअळीच्या पचनाचा बारकाईने अभ्यास केला. हरभऱ्यात अळीची पाचक विकरे रोखणारी प्रथिने असतात, पण अळीने त्यांवर तोड काढलेली आहे. ती ज्या वनस्पतींवर सहसा जगत नाही, उदाहरणार्थ चौधारी घेवडा, त्यांच्या प्रथिनांपुढे मात्र ती अडखळते, असे या गटाने १९९९ मध्ये दाखवले. त्यांनी हेही दाखवले की अळी आपली विकरे बदलते. म्हणून एकच अस्त्र कायमचे चालेल ही समजूतच खोटी. बोंडअळीच्या बाबतीत ती समजूत २००२ नंतर बियाणे कंपन्यांनी कोट्यवधी पाकिटांतून विकली, आणि पंधरा वर्षांत विदर्भाने तिचे फळ पाहिले.

गुलाबी बोंडअळीच्या मादीचा गंध १९७३ मध्येच ओळखला गेला होता. त्याच गंधाने भारलेल्या दोऱ्या शेतभर बांधल्या की नराला मादी सापडत नाही, मीलन टळते, अंडी फलित होत नाहीत. यात ना मजुराला इजा, ना मधमाशीला. पण अट अशी आहे की हे एका शेतकऱ्याच्या दोन एकरांत साधत नाही. शेजारच्या शेतात मीलन झालेली मादी उडत येते. गावचा सगळा सलग पट्टा एकाच वेळी करावा लागतो. निसर्गनेमाने सांघिक असलेले हे तंत्र शेतीच्या तुकड्या-तुकड्यांच्या खाजगी व्यवस्थेत अडते, हे शास्त्रज्ञांपेक्षा शेतकरी चळवळीने अधिक लक्षात घ्यायला हवे.

खाजगी भांडवलाला या दिशेची ओढ का नाही, याचे उत्तर नफ्याच्या साध्या हिशेबात आहे. शंभर किडी मारणारे विष शंभर पिकांवर विकता येते. एकाच किडीला रोखणारा गंध किंवा बुरशी एकाच पिकावर, एकाच हंगामात विकली जाते, आणि जिवंत बुरशी कपाटात दोन वर्षे पडून राहू शकत नाही. कंपन्यांचा रस मग ‘जैविक’ या शब्दात उरतो, आणि जैविक म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीत रासायनिक विष सापडल्याच्या तक्रारी काही नव्या नाहीत. परदेशी विद्यापीठाच्या सहकार्याने होणारे संशोधन वाईट असे मुळीच नाही. परंतु त्यातून निघणाऱ्या शोधाचे एकस्व कोणाकडे राहणार, उत्पादन कोण करणार आणि दर कोण ठरवणार, हे आधी विचारले पाहिजे. कडुनिंबाच्या बुरशीनाशक उपयोगावर एका अमेरिकन कंपनीला युरोपात १९९४ मध्ये मिळालेले एकस्व अखेरचे रद्द व्हायला २००५ साल लागले होते.

याच हरियाणात एक वेगळे उदाहरण घडले आहे. जींद जिल्ह्यातील निडाना गावी कृषी विकास अधिकारी डॉ. सुरेंद्र दलाल यांनी शेतकऱ्यांना, आणि पुढे निडाना व ललितखेडा येथील स्त्रियांना, कपाशीच्या रोपाजवळ बसून कीटक मोजायला शिकवले. पान खाणारे कोण, आणि त्यांना खाणारे कोण, याची त्यांनी आपल्या बोलीत नावे ठेवली. पिठ्या ढेकणाने उत्तरेतील कपाशी ग्रासली असता त्याच्या पोटात अंडी घालणारी इवलीशी गांधीलमाशी शेतातच आहे, ती फवारणीने मरते, हे या बायकांनी डोळ्यांनी पाहून ठरवले. शाकाहारी किडींपेक्षा मांसाहारी कीटकांच्या जाती कितीतरी अधिक, असा त्यांच्या मोजणीचा निष्कर्ष. दलाल २०१३ मध्ये वारले. कीटकशास्त्राची पदवी नसलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्याही स्त्रिया त्या शेतशाळेत इतरांना शिकवीत होत्या. ग्वाल पहाडीच्या प्रयोगशाळेपासून निडाना काही तासांच्या रस्त्यावर आहे, पण त्या रस्त्याने जा-ये करणारी सरकारी यंत्रणा नाही. कृषी विस्ताराची पदे रिकामी राहतात, आणि शेतकऱ्याचा सल्लागार म्हणून कृषी सेवा केंद्राचा मालक उरतो, जो सल्ला विकत नाही, बाटली विकतो.

मागणी म्हणून जे मांडायचे ते अवघड नाही. कीटकांच्या शरीरशास्त्रावरील संशोधनाला सरकारी संस्थांत स्थिर निधी आणि कायम पदे. बुरशी, परोपजीवी कीटक व कामगंध सापळे यांची तालुकावार सार्वजनिक केंद्रे. फवारणी करणाऱ्या मजुरासाठी मालकाच्या खर्चाने संरक्षक साधने आणि वाढीव मजुरी. विषबाधा झाल्यास भरपाईचा कायदेशीर हक्क. आणि ज्या विकरावर ही विषे घाव घालतात त्याची रक्तचाचणी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात. विदर्भात कपाशीच्या फवारण्या जुलैपासून सुरू होतात. मजुरांच्या संघटनांनी निदान रक्तचाचणीचा आणि साधनांचा प्रश्न त्यापूर्वी तहसील कचेरीवर नेला पाहिजे.