धक्क्यावर चालणारे कुटुंब

अमेरिकन चित्रपटाकडे समाजवादी कार्यकर्ता बहुधा संशयाने पाहतो, आणि तो संशय पुष्कळदा साधार असतो. परंतु २००६ साली प्रदर्शित झालेला ‘लिटल मिस सनशाइन’ हा विनोदी चित्रपट या संशयास अपवाद ठरावा. जॉनथन डेटन आणि व्हॅलरी फॅरिस या दांपत्याने दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात एका विस्कटलेल्या कुटुंबाची टिंगल आहे; पण टिंगलीचे खरे लक्ष्य ते कुटुंब नाही. ज्या फूटपट्टीने ते कुटुंब स्वतःला मोजते, ती फूटपट्टी हे ते लक्ष्य आहे.

न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्की येथे हूव्हर कुटुंब राहते. पिता रिचर्ड यशाच्या नऊ पायऱ्या लोकांना शिकवतो, पण त्याचे स्वतःचे पुस्तक कोणी प्रकाशित करीत नाही आणि घर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आहे. आजोबांना हेरॉइनच्या व्यसनापायी वृद्धाश्रमातून काढले आहे. मामा फ्रँक हा प्रूस्तचा अभ्यासक. मानाची शिष्यवृत्ती प्रतिस्पर्ध्याला मिळाली, प्रेमातही तोच आड आला, आणि त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला. थोरला मुलगा ड्वेन वैमानिक होण्यासाठी मौन धरून बसला आहे. सर्वांचा भार वाहणारी शेरिल ही आई, आणि धाकटी ऑलिव्ह. तिला कॅलिफोर्नियातील रेडोंडो बीच येथील बालसौंदर्यस्पर्धेत भाग घ्यायचा आहे. विमानाचे भाडे परवडत नाही, म्हणून ही सहा माणसे जुन्या पिवळ्या फोक्सवॅगनमधून सुमारे ८०० मैलांच्या प्रवासास निघतात.

या माणसांचे एकमेकांशी का पटत नाही? स्वभावदोष हे त्याचे सोपे उत्तर झाले. वस्तुतः आजोबा वगळता प्रत्येकाने बाजाराची भाषा घरात आणली आहे. जगात जिंकणारे आणि हरणारे असे दोनच वर्ग आहेत, हे रिचर्डचे ब्रीद. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झालेले अभिनेते अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी शाळकरी मुलांसमोर हरणाऱ्यांविषयी काढलेले तिरस्काराचे उद्गार वाचून ही कथा सुचली, असे पटकथाकार मायकेल आर्न्ट यांनी सांगितले आहे. हा तिरस्कार अर्थशास्त्राच्या प्राथमिक कसोटीवरही टिकत नाही. मुकुट एक आणि मुली अनेक असतील, तर एक वगळून बाकीच्या हरणारच. तो त्यांचा दोष नव्हे; ती स्पर्धेची रचना आहे. चित्रपटानंतर दोनच वर्षांनी, २००८ च्या आर्थिक अरिष्टात, अमेरिकेतील लाखो कुटुंबांवर घरजप्तीची पाळी आली. ही सारी कुटुंबे काय एकाच वेळी आळशी झाली होती? नऊ पायऱ्यांच्या तत्त्वज्ञानाजवळ या प्रश्नाचे उत्तर नाही. संकट व्यवस्थेचे असते आणि लाज मात्र व्यक्तीने बाळगायची, हीच त्या तत्त्वज्ञानाची खरी उपयुक्तता.

ही लाज किती खोल जाते, हे एका उपाहारगृहातील प्रसंगात दिसते. आइसक्रीम खाल्ल्याने माणूस लठ्ठ होतो, असे रिचर्ड चिमुरड्या ऑलिव्हला समजावतो आणि तिचा हात थबकतो. तेव्हा बाकीची मंडळी तिच्या बशीतले आइसक्रीम मुद्दाम चवीने खाऊ लागतात. उपदेश कोणीच करीत नाही, तरीही मूल पुन्हा खाऊ लागते. पुढे स्पर्धेत, आजोबांनी शिकवलेला तिचा भडक नाच पाहून आयोजकांना धक्का बसतो. रंगरंगोटी करून प्रौढ स्त्रियांसारख्या नटवलेल्या इतर मुली मात्र त्यांना खटकलेल्या नसतात! स्पर्धा जे झाकून करते ते ऑलिव्ह निरागसपणे उघड करते, एवढाच तिचा अपराध.

चित्रपटाचा गाभा त्या मोटारीत आहे. क्लच निकामी झालेला. सर्वांनी धक्का मारायचा, गाडीने वेग घेतला की धावत एकेकाने आत चढायचे, आणि मागे राहिलेल्याला हात द्यायचा. येथे पहिला क्रमांक निरर्थक ठरतो, कारण एकटा पुढे गेला तर गाडीच थांबते.

अर्थात मर्यादाही नोंदवली पाहिजे. हे सहकार्य मोटारीच्या दारापाशी संपते. वाटेत आजोबा मरतात तेव्हा रुग्णालय कुटुंबापुढे कागद आणि परवाने ठेवते. कुटुंब मृतदेह खिडकीतून पळवते, पण ती व्यवस्था जागच्या जागी राहते. शेजारी नाही, संघटना नाही, कर्जाचा उलगडा नाही. शिवाय सुमारे ८० लाख डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने जगभर सुमारे १० कोटी डॉलरचा गल्ला जमवला आणि पटकथेसाठी व ॲलन आर्किन यांच्या अभिनयासाठी दोन ऑस्कर मिळवले. हरणाऱ्यांची कथाही जिंकणाऱ्यांच्या बाजारात उत्तम खपते!

तरीही ‘मध्यमवर्गीय घरगुती करमणूक’ म्हणून हा चित्रपट झटकून टाकणे सोयीचे असले तरी प्रामाणिक ठरणार नाही. सभेत बेकारीचे खापर व्यवस्थेवर फोडणारा कार्यकर्ता घरी परतल्यावर मुलाची गुणपत्रिका शेजाऱ्याच्या मुलाच्या गुणपत्रिकेशी ताडून पाहतो, हे चित्र अपरिचित नाही. विषमतेविरुद्धचा लढा कारखान्यात आणि विधिमंडळात लढावा लागतो, हे खरेच. परंतु ज्या घरात हरलेल्याला जेवणाच्या पंगतीत मान नाही, त्या घरातून समतेसाठी माणसे उभी राहतील, ही अपेक्षा कशाच्या बळावर करायची?