आधी आतून बघा

जुना फिल्म कॅमेरा घ्यायचाय, कुठला घेऊ, असं विचारणारी तरुण मुलं हल्ली वरचेवर भेटतात. मोबाइलवर त्या कॅमेऱ्याचे फोटो दाखवतात. समोरून, मागून, वरून. लेन्सला बुरशी लागलीय का, शटर चालतं का, चामडं उखडलंय का, सगळी चौकशी करून झालेली असते. पण डोळा लावल्यावर आत काय दिसतं, हे कुणी विचारत नाही. विकणाराही सांगत नाही. माझ्या मते मात्र एसएलआरची पारख तिथूनच सुरू व्हायला हवी. फोटो काढताना तुम्ही कॅमेरा बघत नसता, कॅमेऱ्यातून बघत असता.

हे मला शिकवलं दशावतारानं. चाळीसेक वर्षं मी सिंधुदुर्गातल्या जत्रांमधून दशावताराचे फोटो काढतोय. नोकरी मुंबईत, बँकेत. पण जत्रांचे दिवस जवळ आले की रजेचा अर्ज आधीच जाऊन पडलेला असायचा. पालखी झाली की रात्री उशिरा नाटक उभं राहतं ते उजाडेपर्यंत चालतं. उजेड म्हणजे दोन-चार ट्यूबलाइट. ४०० आयएसओचा रोल, एफ १.८ ची लेन्स, शटर १/३० वर. फ्लॅश मी कधी वापरला नाही, कारण त्यानं रंगवलेला चेहरा सपाट होतो आणि समोर बसलेल्यांच्या डोळ्यांना त्रास होतो तो वेगळाच. अशा उजेडात काळ्या वेषातला संकासुर नाचत पुढे आला की त्याच्या मुखवट्यावरच्या पांढऱ्या रेषेवर फोकस करायचा, तोही तो वळायच्या आत. तिथे व्ह्यूफाइंडर लहान किंवा अंधारा असेल तर अंदाजानंच बटण दाबावं लागतं.

१९८४ साली मी सेकंडहँड ओएम-१ घेतला. ऑलिंपसच्या योशिहिसा मैतानींनी आखलेला हा कॅमेरा १९७२ मध्ये एम-१ या नावानं आला. लाइकानं नावाला हरकत घेतल्यावर पुढच्या वर्षी त्याचा ओएम-१ झाला. अंगानं लहान, लेन्सशिवाय अर्धा किलोच्या आसपास. पण डोळा लावला की भलंमोठं चित्र. ५० मिमीची लेन्स अनंतावर ठेवली तर वस्तू प्रत्यक्षाच्या ०.९२ पट दिसते, म्हणजे जवळजवळ डोळ्यांना दिसते तेवढीच. त्यामुळे दुसरा डोळाही उघडा ठेवता यायचा. एका डोळ्यात चौकट, दुसऱ्यात अख्खं देवळाचं अंगण. नट कुठून येणार ते आधीच कळायचं. आत डाव्या कोपऱ्यात मीटरची एक सुई, बाकी काही नाही. निकॉनच्या एफएम२ मध्ये शटरचा वेग आणि ॲपर्चर दोन्ही दिसतात, कॅननच्या एई-१ मध्ये उजवीकडे ॲपर्चरच्या आकड्यांवर सुई फिरते. सोयीचं आहे, पण चित्र मोठं असण्याची बरोबरी त्याला येत नाही.

माहितीपुस्तकात व्ह्यूफाइंडरचे दोन आकडे असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक, चित्र किती पट दिसतं. दुसरा, फिल्मवर जेवढं येणार त्याच्या किती टक्के दिसतं. निकॉन एफमध्ये १९५९ पासून शंभर टक्के दिसत आलं आहे. ओएम-१ मध्ये ९७, एफएम२ मध्ये ९३, पेंटॅक्स के१००० मध्ये त्याहूनही थोडं कमी. सोव्हिएत झेनिट-ई मध्ये तर २४ × ३६ मिमीच्या फ्रेममधला फक्त २० × २८ मिमीचा भाग दिसतो, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त भाग झाकलेला. शंभर टक्के दाखवायचं तर आरसा, काच, प्रिझम सगळं मोठं आणि अगदी नेमकं बसवावं लागतं, म्हणून ते महागात जातं. शिवाय स्लाइडच्या पुठ्ठ्यात आणि प्रिंट करतानाही कडा झाकल्या जातातच.

ओएम-१ घेण्याआधी एका मित्राचा कॅमेरा वापरत होतो, तेव्हा पेटीवाल्याला मोठ्या कष्टानं चौकटीबाहेर ठेवलं होतं. प्रिंट हातात आली तर त्याचा कोपर आणि अर्धी पेटी हजर. पण पाच-सहा रोल झाल्यावर कडेला किती जास्तीचं येतं ते हाताला कळलं. चित्रच टिचभर असेल तर मात्र असा काही उपाय नाही, फोकस चुकलेला कळतच नाही. म्हणून माझ्यापुरता मी पटीचा आकडा आधी बघतो, टक्क्यांचा नंतर.

मधोमधच्या स्प्लिट इमेजचंही सांगायला हवं, कारण ती काळी दिसली की कॅमेरा बिघडला असं मुलांना वाटतं. तिथे उलट उताराच्या दोन काचेच्या पाचरी असतात, फोकस चुकला की रेघ मध्येच तुटते. एफ ५.६ किंवा त्याहून मंद लेन्स लावली तर त्या पाचरी भरण्याइतका रुंद प्रकाश येत नाही आणि एक बाजू काळवंडते. त्या वेळी भोवतालच्या साध्या दुधी काचेवर विसंबावं. आत काळी उभी-आडवी रेघ दिसली तर मात्र सावध व्हा. त्या काळच्या काही कॅमेऱ्यांत प्रिझमला लागून असलेला फोम कुजून चिकट होतो आणि प्रिझमचा चांदीचा मुलामा खातो.

पंचेचाळिशीत चष्मा लागला आणि माझंच मत मला पुन्हा तपासावं लागलं. चष्म्यामुळे डोळा मागे सरकतो. मोठ्या चित्राचे कोपरे मग दिसेनासे होतात, डोळा इकडे-तिकडे फिरवावा लागतो. दुसरं असं की पुष्कळ कॅमेऱ्यांत ते चित्र साधारण एक मीटरवर असल्यासारखं डोळ्याला वाटेल अशी रचना असते. चाळिशीनंतर नेमकं तेच अंतर अवघड जातं. डिजिटल आल्यावर लोक फिल्म कॅमेरे काढून टाकत होते, तेव्हा मी निकॉनचा एफ३ एचपी घेतला. त्याचं चित्र ०.७५ पट, ओएम-१ पेक्षा बरंच लहान. पण डोळा अडीच सेंटिमीटर मागे असला तरी चारही कोपरे दिसतात, आणि दिसतं ते शंभर टक्के. विशीत मी त्याला हात लावला नसता. आज जत्रेला तोच बरोबर असतो.

एका गोष्टीची हळहळ मात्र जात नाही. ऑटोफोकस आल्यावर नव्वदीतल्या स्वस्त कॅमेऱ्यांत काचेच्या प्रिझमच्या जागी आरसे आले आणि चित्र ०.७ पटीच्या आसपास आलं. फोकस यंत्र करणार, मग माणसानं कशाला नीट बघायचं, असा हिशेब झाला. पडदेही उजळ केले, पण त्यांवर एफ १.४ च्या लेन्सचा खरा धूसरपणा दिसत नाही. साधारण एफ २.८ ला दिसावा तेवढाच दिसतो. डिजिटलच्या स्वस्त एसएलआरमधून तर नळकांड्यातून पाहिल्यासारखं वाटतं. पन्नास वर्षांपूर्वीच्या साध्या कॅमेऱ्यातून जास्त चांगलं दिसावं, हे मला अजून पटत नाही.

गेल्या डिसेंबरात भाचीला घेऊन बोरा बाजारात गेलो होतो. काउंटरवर चार कॅमेरे मांडले होते. मी तिला प्रत्येकातून रस्त्यापलीकडची पाटी वाचायला लावली, एका डोळ्यानं आणि मग दोन्ही डोळे उघडे ठेवून. पेंटॅक्स एमएक्स डोळ्याला लावून ती बराच वेळ गप्प राहिली. १९७६ चा, ०.९७ पटीचा. मीही बघितलं. पाटीचा मधला भाग तेवढा दिसला, कडा चष्म्यानं खाल्ल्या. "कोपरे जातात गं यात," मी म्हणालो.

तिनं कॅमेरा परत घेतला. "मामा, मला सगळे दिसतायत," ती म्हणाली आणि दुकानदाराला किंमत विचारली.