११८ वर्षांचे भाऊ

'व्हायकिंग्ज' ही मालिका २०१३ ते २०२० या काळात दूरचित्रवाणीवर आली आणि रॅग्नार व रोलो ही भावांची जोडी घरोघरी ओळखीची झाली. मौज अशी की, इतिहासाला हे नाते मुळीच ठाऊक नाही! इंग्लंडजवळच्या लिंडिसफार्न बेटावरचा मठ लुटला गेला ७९३ साली. रोलोला फ्रँकांच्या राजाने सेन नदीच्या मुखाकडचा मुलूख दिला ९११ साली. मध्ये गेली ११८ वर्षे. मालिकेत मात्र दोघे भाऊ एकाच गलबतातून त्या लुटीला निघतात. रॅग्नार तर बराचसा दंतकथेतलाच. त्याची कथा आइसलंडात लिहिली गेली ती तेराव्या शतकात.

लुटीची हकीकत त्या काळी लिहिली ती लुटले गेलेल्यांनी, म्हणजे धर्मगुरूंनी. मालिकेचे लेखक मायकेल हर्स्ट यांनी लुटारूंना घर, शेत, बायकामुले दिली. हे चांगलेच झाले. पण रॅग्नारवर जीव जडला, की मठात मारले गेलेले निःशस्त्र साधू विसरायला होतात. घरातली मोठी मुले मालिका पाहत असतील, तर त्यांना सालांच्या चुका एक वेळ सांगू नका. त्या साधूंची आठवण मात्र जरूर द्या.