दोन गावे आणि एक तक्ता

'एक्स्पॅट' या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. ही आपल्या भाषेची उणीव नसून तिचा प्रामाणिकपणा आहे, असे मला परवापर्यंत वाटत होते. आपल्याकडे परदेशस्थ आहे, स्थलांतरित आहे, उपरा आहे. परप्रांतीय तर आहेच आहे. पण दुसऱ्याच्या गावात राहायचे, तिथे कमवायचे आणि तरीही त्या गावाचे काही देणे लागायचे नाही, अशा माणसासाठी शब्द घडवण्याची गरज मराठीला पडलेली नव्हती. एका माजी विद्यार्थ्याने पाठवलेला तक्ता पाहिला आणि लक्षात आले, की शब्द नसला तरी माणूस घडून तयार आहे.

या विद्यार्थ्याला जर्मनीतल्या दोन विद्यापीठांत प्रवेश मिळत होता. हायडेलबर्ग आणि ग्योटिंगेन. दोन्ही गावे आपल्या मानाने लहानच. एकाची वस्ती सुमारे एक लाख साठ हजार, दुसऱ्याची एक लाख वीस हजारांच्या आसपास. तक्त्यात घरभाडे होते, हवामान होते, विमानतळाचे अंतर होते, तूरडाळ कुठे मिळते हे होते, फ्रँकफर्ट परिसरातल्या मराठी गणेशोत्सवाला जाऊन येणे सोपे कुठून, हेही होते. आणि सर्वांत वर, ठळक अक्षरांत, 'इंग्रजीवर भागते का?' हायडेलबर्गला दहापैकी आठ गुण, ग्योटिंगेनला पाच. शेवटी विचारणा: "सर, तुमचे मत काय?"

माझा अधिकार पाहुण्याचाच. दोन्ही गावांत मिळून मी जेमतेम तीन आठवडे राहिलो असेन. पण या तक्त्याशी भांडायला तेवढे पुरेसे आहे.

पैशाचे आधी उरकून घेऊ. हायडेलबर्ग महाग आहे, हे खरे. शिवाय ते बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात येते आणि त्या राज्याने २०१७च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांवर सत्राला दीड हजार युरोंचे शुल्क बसवले आहे. ग्योटिंगेन ज्या नीडरझाक्सनमध्ये आहे तिथे असे शुल्क नाही. सत्राची किरकोळ वर्गणी तेवढी भरावी लागते. म्हणजे खर्चाच्या रकान्यात ग्योटिंगेन सहज जिंकते. तरीही बेरजेत हायडेलबर्ग पुढे का? तर इंग्रजीच्या आठ गुणांमुळे. जर्मन शिकण्याचा त्रास वाचावा म्हणून वर्षाला तीन हजार युरो मोजायला आमचा तरुण तयार आहे!

आता हे आठ गुण आले कुठून? नेकारच्या काठचा तो भग्न किल्ला पाहायला जगभरचे प्रवासी येतात. दुसऱ्या महायुद्धानंतर थेट २०१३पर्यंत अमेरिकी सैन्याचे युरोपातले मुख्यालय या गावात होते. जवळच वाल्डोर्फला सॅपसारखी संगणक कंपनी आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांशी इंग्रजी बोलण्याची या गावाला सवय लागली, ती अशी. पाहुण्याशी पाहुण्याच्या भाषेत बोलणे हे सौजन्य खरेच. पण त्या सौजन्याच्या आत एक दार हळूच लावलेले असते. दुकानदार इंग्रजीत हसून बोलतो आणि शेजाऱ्याकडे वळून जर्मनमध्ये गावाच्या गोष्टी करतो. त्यातही ती जर्मन प्फाल्झी वळणाची, वर्गात शिकलेल्यालाही चकवणारी. ग्योटिंगेनच्या रस्त्यावर मात्र पुस्तकी जर्मनच्या पुष्कळच जवळची भाषा कानी पडते. तिथे परदेशी संशोधक नाहीत असे नाही, माक्स प्लांक संस्थांत भरपूर आहेत. पण बेकरीत उभे राहिल्यावर चार जर्मन शब्द जुळवावे लागतात. तक्त्यात ही गैरसोय म्हणून नोंदली गेली आहे.

ग्योटिंगेन रुक्ष आहे हा आरोप जुनाच. तिथेच कायदा शिकलेल्या हाइनने १८२६मध्ये आपल्या हार्त्स पर्वताच्या प्रवासवर्णनात सुरुवातीलाच या गावाची अशी काही टर उडवली आहे, की दोनशे वर्षे झाली तरी गावाला ती पुसता आलेली नाही. (आणि गावकरी ती मिटक्या मारत ऐकवतात.) पण हाइनला गावावर रागावता आले, कारण त्याला गाव ऐकू येत होते. तक्तेवाल्याला राग येत नाही. तो गुण कापतो.

मराठीच्या विद्यार्थ्याला तरी ही दोन गावे वेगळ्या कारणांनी ठाऊक असायला हवीत. फ्रांट्स कीलहॉर्न १८६६मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले, पंधरा वर्षे राहिले, शास्त्र्यांपुढे बसून व्याकरण शिकले, पतंजलीचे महाभाष्य संपादले आणि १८८२पासून ग्योटिंगेनला शिकवू लागले. त्यांनी पुण्याला किती गुण दिले असते? त्या काळात इथे गैरसोयींना तोटा नव्हता आणि साहेबाला इंग्रजीवर भागवण्याची मुभा तर पूर्णच होती. हायडेलबर्गचे ग्युंथर सोन्थायमर तर आपल्या अधिक जवळचे. खंडोबा, बिरोबा, म्हसकोबा यांचा माग काढत ते धनगरांच्या वाड्यांवर हिंडले, त्यांच्याशी मराठीत बोलले, ओव्या ऐकल्या. १९९२मध्ये ते गेले. आपल्या विद्यापीठांतल्या कित्येकांनी जे कानाआड केले होते, ते एका जर्मनाने कान देऊन ऐकले, हे सांगताना आजही संकोच वाटतो.

हायडेलबर्गवर माझा राग नाही, हे यावरून कळावे. इक्बाल १९०७मध्ये त्याच गावी राहिले ते जर्मन शिकण्यासाठीच. आज तिथे नेकारकाठच्या एका रस्त्याला त्यांचे नाव आहे. तेव्हा गाव कोणाला अडवत नाही. मात्र आजचे हायडेलबर्ग न शिकणाऱ्यालाही अडवत नाही, आणि माझा आक्षेप एवढ्यापुरताच आहे.

खरा आक्षेप आपल्यावर आहे. २०२५मध्ये पहिलीपासून हिंदीच्या शासननिर्णयावरून महाराष्ट्रात रान उठले, ते रास्तच होते. मीही त्या सभांना होतो. त्या सभांतून एक वाक्य हमखास ऐकू येई: वीस वर्षे इथे राहतात आणि मराठीचा शब्द येत नाही. टाळ्या पडत. माझा हा विद्यार्थीही तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत होता. तोच आता विचारतो, की जर्मनीत जर्मनवाचून कुठे निभेल! मुंबईत येणाऱ्याने मराठी शिकावी ही अपेक्षा आणि हायडेलबर्गला जाणाऱ्याने जर्मन शिकू नये ही सोय, या दोन्ही एकाच तोंडी शोभत नाहीत. तिकडे गेलेला आपला माणूस 'एक्स्पॅट', आणि इकडे आलेला बिहारी 'लोंढा', हा हिशेब कोणत्या व्याकरणात बसतो? १९३३मध्ये ग्योटिंगेनमधून एमी नोएटर, माक्स बोर्न यांना घालवून दिले गेले, तेव्हा परक्या गावी पोचलेल्या त्या माणसांना कोणी एक्स्पॅट म्हटले नाही. या शब्दाला पासपोर्टाचा आणि पगाराचा वास आहे.

यावर मित्र म्हणतात, मुलगा दोन वर्षांसाठी चालला आहे, एवढे कशाला ताणता? दोन वर्षांसाठी म्हणून गेलेले किती परत आले, ते त्यांनी आपल्याच घरात मोजावे. जर्मनीने २०२४मध्ये नागरिकत्वासाठी लागणारा वास्तव्याचा काळ आठ वर्षांवरून पाचवर आणला. भाषेची अट मात्र ठेवली. तिथे इंग्रजीचे आठ गुण चालणार नाहीत.

विद्यार्थ्याला मी उत्तर धाडले: ग्योटिंगेन. सोबत त्याच्या तक्त्यात एक ओळ घातली, 'संध्याकाळचा जर्मनचा वर्ग कुठे, किती वाजता'. तक्ता परत आला आहे. माझ्या ओळीपुढचे दोन्ही रकाने अजून कोरे आहेत आणि तूरडाळीच्या ओळीत एका नव्या दुकानाची भर पडली आहे.