‘टाइमपास’चा तिसरा भाग आणि आपले स्नेहसंमेलन





प्राचार्यांनी वार्तापत्रात अभ्यास, शिस्त आणि परीक्षा यांविषयी लिहावे, अशी सर्वांची अपेक्षा असते. या अंकात मात्र मी चित्रपटाविषयी लिहिणार आहे, आणि तेही ‘टाइमपास’विषयी. नाव वाचून कोणी कपाळाला आठ्या घालू नयेत. या चित्रपटाचे तीन भाग निघाले. पहिल्याने मराठी चित्रपटगृहांत गर्दी खेचली आणि तिसऱ्यापर्यंत ती ओसरली. असे का झाले, याचा विचार आपण केला तर शाळेपुढे आज असलेला एक प्रश्न सोडवायला त्याची मदत होईल. तो प्रश्न शेवटी सांगतो. आधी चित्रपटाकडे वळू.

रवी जाधव यांनी दिग्दर्शित केलेला ‘टाइमपास’ ३ जानेवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला. चाळीत वाढलेला, दहावीत गटांगळ्या खाणारा दगडू आणि कडक शिस्तीच्या घरातली प्राजक्ता लेले यांची ती गोष्ट. प्रथमेश परब आणि केतकी माटेगावकर यांनी या भूमिका केल्या. प्राजक्ताचे वडील झाले वैभव मांगले आणि दगडूचे वडील भाऊ कदम. या चित्रपटाने ३० कोटी रुपयांच्या पुढे गल्ला जमवला आणि २०१३ च्या ‘दुनियादारी’ला मागे टाकले. मराठी चित्रपटासाठी त्या वेळी हा आकडा फार मोठा होता. आपल्या बुऱ्हाणपूरच्या मराठी घरांपर्यंतही तो पोचला. कोणी भुसावळ-जळगावला जाऊन पाहिला, बहुतेकांनी नंतर घरी टीव्हीवर पाहिला. त्या वर्षी कितीतरी शाळकरी मुले दगडूसारखी बोलत होती.

मग १ मे २०१५ रोजी दुसरा भाग आला. यात दगडू आणि प्राजक्ता मोठे झालेले होते आणि त्या भूमिकांत प्रियदर्शन जाधव व प्रिया बापट होते. पहिल्या तीन दिवसांतच या चित्रपटाने दहा कोटींच्या वर कमाई केली. एवढी दमदार सुरुवात झाल्यावर तो पहिल्याला सहज मागे टाकील असे कोणालाही वाटले असते. तसे झाले नाही. एकूण कमाईत दुसरा भाग पहिल्याच्या थोडा मागेच राहिला. त्यानंतर सात वर्षांनी, २९ जुलै २०२२ रोजी, तिसरा भाग आला. त्याची कथा पहिल्या आणि दुसऱ्या भागांच्या मधल्या काळातली. दगडू दहावी पास होऊन कॉलेजात जातो आणि तिथे त्याला पालवी भेटते. दगडू पुन्हा प्रथमेश परब, पालवी झाली हृता दुर्गुळे आणि तिचे वडील संजय नार्वेकर. चित्रपट चालला, पण आधीच्या दोघांच्या बरोबरीला तो पोचला नाही.

काही जण म्हणतील, करोनानंतर लोक चित्रपटगृहात जायचेच कमी झाले, त्यात त्या चित्रपटाचा काय दोष? हे कारण पूर्ण पटत नाही. त्याच २०२२ मध्ये फेब्रुवारीत ‘पावनखिंड’ आणि मे महिन्यात ‘धर्मवीर’ पाहायला लोकांनी गर्दी केली. वर्षाच्या अगदी शेवटी, ३० डिसेंबरला आलेल्या ‘वेड’ने ७० कोटींचा टप्पा ओलांडला. पुढच्या वर्षी, ३० जून २०२३ रोजी ‘बाईपण भारी देवा’ आला. सहा प्रौढ बहिणींच्या त्या गोष्टीने ७५ कोटींच्या पुढे मजल मारली. म्हणजे मराठी प्रेक्षक घराबाहेर पडायला तयार होता. कशासाठी पडायचे, हे मात्र तो ठरवत होता.

माझ्या मते खरे कारण वयात आहे. किशोरवयाची गोष्ट ज्यांच्यासाठी असते ती मुले फार काळ त्या वयात राहत नाहीत. आठवीतला मुलगा चार वर्षांत बारावीतून बाहेर पडतो. २०१४ मध्ये जो १४ वर्षांचा होता तो २०२२ मध्ये २२ वर्षांचा झाला. त्याला नोकरीची चिंता लागली. आणि २०२२ मध्ये जो १४ वर्षांचा होता, तो पहिला भाग आला तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याच्यासाठी दगडू म्हणजे दादा-ताईंच्या वेळचा कोणीतरी. आता पाहा, दुसऱ्या भागात पात्रे एकदम मोठी होऊन प्रेक्षकांच्या पुढे निघून गेली. वर्षभरापूर्वी शाळकरी प्रेम पाहून रडलेल्या मुलांना प्रौढांची गोष्ट मिळाली. तिसऱ्या भागात उलट झाले. प्रेक्षक मोठे झाले होते आणि दगडू पुन्हा मागे जाऊन कॉलेजच्या पहिल्या वर्गात बसला. दोन्ही वेळा गोष्ट आणि प्रेक्षक यांची गाडी चुकली.

यात आणखी एक बारीक गोष्ट आहे. विद्यार्थ्यांनी ती नीट ध्यानात घ्यावी. पहिल्या तीन दिवसांत जी गर्दी होते ती नव्या चित्रपटाची कमाई नसते. ती जुन्या चित्रपटाची पुण्याई असते. लोक नाव ऐकून येतात. चित्रपट कसा आहे हे तोपर्यंत कोणालाच ठाऊक नसते. पाहून आलेला माणूस शेजाऱ्याला काय सांगतो, यावर पुढचे आठवडे चालतात. दुसऱ्या भागाची सुरुवात जोरात झाली ती पहिल्याच्या पुण्याईवर. आपल्याकडे हिंदीत म्हणतात, काठ की हांडी बार-बार नहीं चढ़ती. लाकडी हंडी चुलीवर एकदाच चढते. ही म्हण लबाडीसाठी वापरतात, आणि चित्रपट करणाऱ्यांना मी लबाड मुळीच म्हणत नाही. पण दुसऱ्याच्या पुण्याईची हंडीसुद्धा लाकडाचीच असते.

हे फक्त मराठीत घडले असे नाही. अमेरिकेत व्हेरोनिका रॉथ यांच्या कादंबऱ्यांवरून किशोरांसाठी ‘डायव्हर्जंट’ ही चित्रपटमालिका निघाली. २०१४ च्या पहिल्या भागाने जगभरात सुमारे २८.९ कोटी डॉलर मिळवले, २०१५ च्या दुसऱ्याने सुमारे २९.७ कोटी. तिसऱ्या पुस्तकाचे मात्र दोन चित्रपट करायचे ठरले. एका गोष्टीवर दोनदा तिकीट लावण्याचा हा हिशेब होता. २०१६ मध्ये आलेल्या तिसऱ्या भागाची कमाई १८ कोटी डॉलरच्या आसपास घसरली. चौथा भाग जून २०१७ मध्ये येणार म्हणून जाहीर झाला होता. पुढे तो टीव्हीवर आणण्याची चर्चा झाली आणि अखेर तो निघालाच नाही. जी मुले पहिल्या तीन भागांना आली त्यांना गोष्टीचा शेवट पडद्यावर कधीच पाहायला मिळाला नाही.

कोणी विचारील, मग ‘हॅरी पॉटर’चे काय? ते तर आठ चित्रपट झाले आणि २०११ चा शेवटचा भाग सर्वांत जास्त कमाईचा ठरला. प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर माझ्या म्हणण्याला पुष्टी देते. त्या मालिकेत हॅरी भागागणिक मोठा होत होता. भूमिका करणारी मुलेही खरोखर वाढत होती. २००१ मध्ये जे मूल हॅरीच्या वयाचे होते ते दहा वर्षांनी त्याच्याबरोबरच तरुण झाले. तिथे गोष्ट आणि प्रेक्षक एकत्र चालले. त्याच लेखिकेच्या त्याच जादूच्या दुनियेवर पुढे ‘फँटास्टिक बीस्ट्स’ ही दुसरी मालिका काढली, तेव्हा काय झाले? २०१६ मध्ये ८१ कोटी डॉलर, २०१८ मध्ये ६५ कोटी, २०२२ मध्ये ४० कोटी. पाच भागांचा बेत होता, पण तिसऱ्यानंतर गाडी पुढे गेली नाही. नाव तेच होते, पण नावाबरोबर वाढलेली मुले आता वेगळ्या वाटेला लागली होती.

म्हणून पुढचा भाग काढणे हेच वाईट, असे मला म्हणायचे नाही. पुढच्या भागात सांगण्यासारखे नवे काही आहे का, आणि ते आजच्या मुलाला लागू पडते का, एवढेच पाहायचे. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’चे उदाहरण घ्या. तो २९ एप्रिल २०१६ रोजी आला. त्यातही कोवळे प्रेम होते, गाणी होती, गावातली पोरे होती. रिंकू राजगुरू आणि आकाश ठोसर हे दोघेही नवखे. कोणत्याही जुन्या नावाची पुण्याई नसताना शंभर कोटींचा टप्पा गाठणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला. ‘टाइमपास’ही २०१४ मध्ये असाच नवा होता. दगडू कोण, हे त्याआधी कोणालाही ठाऊक नव्हते.

आता शाळेच्या प्रश्नाकडे येतो.

दोन वर्षांपूर्वी आपल्या स्नेहसंमेलनात मुलांनी स्वतः लिहिलेली एक विनोदी एकांकिका झाली होती. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि परीक्षेत इंग्रजी असे करताना एका मुलाची काय त्रेधा उडते, हा तिचा विषय. हसून हसून सगळ्यांची पोटे दुखली, कारण ती प्रत्येकाच्या घरातली गोष्ट होती. गेल्या वर्षी तिचा दुसरा भाग झाला. टाळ्या पडल्या, पण त्या ओळखीच्या पात्रांना होत्या. यंदा तिसरा भाग व्हावा, असे बऱ्याच पालकांनी सुचवले आहे आणि त्याच्या खर्चाला हातभार लावण्याची तयारी काही विश्वस्तांनी दाखवली आहे. या आपुलकीबद्दल मी आभारी आहे. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की तिसरा भाग करू नये.

ज्या मुलांनी ती एकांकिका लिहिली ती शाळा सोडून गेली. कोणी इंदूरला शिकते आहे, कोणी खंडव्याला. आज नववीत असलेल्या मुलांना आपण त्यांच्या दादा-ताईंचे जुने कपडे घालून रंगमंचावर उभे करणार. ती मुले पाठ केलेले बोलतील, आपण जुन्या आठवणीने हसू आणि कार्यक्रम यशस्वी झाला असे म्हणू. पण या मुलांच्या मनात काय चालले आहे, हे आपल्याला कळणारच नाही. त्यांची त्रेधा वेगळी आहे. मोबाइलवरचे जग, आजीशी मराठीत बोलताना अडणारे शब्द, बाबांच्या यंत्रमागाच्या धंद्यात जावे की बाहेर पडावे हा घरातला न बोललेला प्रश्न. या गोष्टी त्यांनाच लिहिता येतील.

एक आक्षेप मला आधीच दिसतो. नवी एकांकिका पडली तर? पाहुण्यांसमोर शाळेची शोभा होईल, आणि इथे मराठी टिकवायची तर लोकांना आवडेल तेच दाखवले पाहिजे. हा विचार चांगल्या मनातून आलेला आहे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या मराठी सांभाळताना हातातले निसटू नये असे वाटणे साहजिक आहे. पण आपण नीट पाहू. जुनी अभंगवाणी, पोवाडा, एखादे जुने नाटक दरवर्षी केले तर त्यात काही कमी होत नाही, कारण तो ठेवा आहे आणि आपण तो ठेवा म्हणूनच मुलांच्या हाती देतो. यशाची नक्कल ही वेगळी गोष्ट आहे. मराठी ही फक्त आपल्या आठवणींची भाषा आहे असे मुलांना वाटू लागले, तर ती तिला नमस्कार करतील आणि स्वतःचे सुखदुःख हिंदीत किंवा इंग्रजीत सांगतील. त्यापेक्षा एखादी एकांकिका पडलेली परवडली.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे. यंदा आठवी ते दहावीच्या मुलांनी नवी संहिता लिहावी. शुद्धलेखनाची भीती बाळगू नये, मराठीचे शिक्षक नंतर हात फिरवतील. विषय मुलांनीच निवडावा. तिसऱ्या भागासाठी जो निधी विश्वस्त देणार होते तो त्यांनी या नव्या प्रयोगाला द्यावा. आणि पालकांना विनंती की नाव ओळखीचे नसले तरी त्यांनी तेवढ्याच संख्येने यावे आणि शेवटपर्यंत बसावे. मुलगा कुठे अडखळला तर हसू नये.

विद्यार्थी मित्रांनो, दोन वर्षांपूर्वी तुमच्या दादा-ताईंनी ती एकांकिका केली, तेव्हा पडदा उघडेपर्यंत ती कोणालाही ठाऊक नव्हती. तुम्हालाही तेवढीच संधी मिळावी, एवढेच माझे मागणे आहे. संहिता तुमच्या मराठीच्या शिक्षकांकडे द्या. मी प्रत्येक वाचणार आहे.

आपला,
प्राचार्य