तेरावा

परवा पोशीर नदीला लाल पाणी आलं होतं. काठावर उभं राहून बघताना दत्तू भोकनळची आठवण झाली. तसा त्याचा आमच्या गावाशी काहीच संबंध नाही. तो चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, म्हणजे टँकरच्या गावचा. वडिलांबरोबर विहिरी खणायचा. पाणी वर यायचं ते घामानंतर, तेही आलं तर. २०१२ मध्ये हा मुलगा सैन्यात गेला आणि पुण्यात त्याच्या हातात वल्हं आलं. सुरुवातीला त्याला पाण्याची भीती वाटायची म्हणे. वाटणारच, एवढं पाणी बघितलं होतं कुणी!

चारच वर्षांनी, २०१६ मध्ये, तो रिओ ऑलिम्पिकला होता. रोइंगमध्ये भारताकडून एकटाच. एकट्याची होडी, दोन हजार मीटर. आई अपघातानंतर अंथरुणाला खिळलेली, मुलालाही धड ओळखत नव्हती. तरी तो गेला आणि तेरावा आला.

"तेरावा? मग काय उपयोग?" असं मला एका सुशिक्षित गृहस्थांनी विचारलं होतं. मी तेव्हा गप्प बसलो, त्याची रुखरुख अजून आहे.

कॅनडाच्या सिल्केन लाउमनची गोष्ट आपल्याला आवडते. १९९२ मध्ये दुसरी होडी आदळून तिच्या पायाचा पार चेंदा झाला आणि दहा आठवड्यांत तिने बार्सिलोनात कांस्यपदक मिळवलं. थोर बाई, वादच नाही. पण तिथे पदक होतं म्हणून गोष्ट आपल्यापर्यंत आली, हेही खरंच ना? रोइंगमध्ये भारताला अजून एकही ऑलिम्पिक पदक नाही. त्या हिशेबात तेरावा नंबर केवढा वर आहे, हे सांगायला कुणी बसत नाही.

पुढे २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत त्याने सुवर्ण मिळवलं. त्याच स्पर्धेत एकट्याची शर्यत अर्धवट सोडली म्हणून २०१९ मध्ये महासंघाने दोन वर्षांची बंदी घातली. होडीतून पडलो, असं त्याचं म्हणणं होतं. जानेवारी २०२० मध्ये बंदी उठली, त्याच वर्षी अर्जुन पुरस्कारही मिळाला. पण खेळाडूचे ते महिने कोण परत देणार? मला तरी ती शिक्षा फार वाटली.

आमच्या कर्जत तालुक्यात चार महिने पाणीच पाणी. त्या दिवसांत बातम्या येतात त्या बुडालेल्या पर्यटकांच्या. उन्हाळ्यात वाड्यांवर हंडे. या पाण्यावर वल्हं मारायला शिकवणारं कुणी मी पाहिलेलं नाही. सैन्यात भरती झाल्याशिवाय गावाकडच्या पोराला शर्यतीची होडी दिसू नये, हे मला पटत नाही. धरणं तर राज्यभर आहेत.

रोइंगमध्ये वल्हवणाऱ्याची पाठ शेवटच्या रेषेकडे असते. मागे काय राहिलं तेवढंच दिसतं. रिओत त्याला काय दिसत असेल, ते एकदा विचारायचं आहे.