वाट न पाहणारा कैदी

15 ऑगस्टला आम्हा वसईच्या ख्रिस्ती घरांत दोन सण एकत्र येतात. सकाळी मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाची मिस्सा आणि त्याच दिवशी झेंडावंदन. 1975 साली याच दिवशी सायगावमध्ये एका बिशपला सरकारी बोलावणं आलं आणि तिथूनच त्यांना अटक करून नेलं. त्यांचं नाव फ्रान्सिस झेवियर न्गुयेन व्हान थुआन. नावातला झेवियर आपल्या ओळखीचा, ज्यांचं शव जुन्या गोव्याच्या बासिलिकेत आहे तेच संत. अटकेच्या वेळी थुआन 47 वर्षांचे होते. एप्रिलच्या शेवटी त्यांची न्हा ट्रांगहून सायगावला नेमणूक झाली आणि आठवडाभरातच शहर कम्युनिस्ट सैन्याच्या हाती गेलं. दक्षिण व्हिएतनामचे मारले गेलेले अध्यक्ष दिएम हे त्यांचे मामा, त्यामुळे नव्या सत्तेच्या डोळ्यांत ते आधीपासूनच खुपत होते. खटला भरला नाही, शिक्षा सुनावली नाही. तेरा वर्षं कैदेत गेली, त्यातली नऊ एकांतवासात.

अटकेनंतर त्यांना रात्रीच्या अंधारात शेकडो किलोमीटर दूर नेत होते. त्या प्रवासात त्यांना वॉल्श नावाच्या अमेरिकन मिशनरी बिशपांची आठवण झाली. चीनमध्ये बारा वर्षं कैद भोगून सुटल्यावर वॉल्श म्हणाले होते, की माझं अर्धं आयुष्य वाट पाहण्यात गेलं. थुआन यांनी गाडीतच मनाशी पक्कं केलं, की आपण वाट पाहायची नाही. सुटका होईल तेव्हा होईल. आजचा दिवस मात्र हातात आहे, तो प्रेमाने भरायचा.

असा निश्चय रात्री करायला सोपा असतो. सकाळी उठून करायचं काय, हा खरा प्रश्न. इतक्या माणसांची जबाबदारी ज्याच्यावर, त्याला एका खेड्यातल्या घरात कोंडून ठेवलं होतं. मग एके दिवशी त्यांनी सात वर्षांच्या एका मुलाला हाक मारली आणि सांगितलं, आईला म्हणावं जुन्या कॅलेंडरांची पानं पाठवून दे. त्या पानांच्या कोऱ्या पाठीवर ते रात्री लिहीत आणि सकाळी मूल येऊन कागद घेऊन जाई. घरी त्याची भावंडं ते उतरवून काढत. महिन्या-दोन महिन्यांत अशी हजारावर छोटी चिंतनं झाली आणि त्यांचं पुस्तक झालं, ‘आशेचा मार्ग’. पुढे होड्यांतून देश सोडून पळालेल्या निर्वासितांनीही ते सोबत नेलं.

वर्तमानात जगणं म्हणजे डोळे मिटून श्वास मोजणं, असं हल्ली जे ऐकू येतं, त्याने कुणाला बरं वाटत असेल तर चांगलंच आहे. पण ख्रिस्ती श्रद्धेतला ‘आज’ मला या कॅलेंडरच्या पानांत जास्त दिसतो. आज कुणाला तरी माझी गरज आहे, आणि माझ्यापाशी आहे तेवढ्यातून मी ती भागवायची आहे.

हे सगळं सुरळीत झालं असं नाही, आणि थुआन यांनी ते लपवलेलंही नाही. पुढे त्यांना बिनखिडकीच्या कोठडीत टाकलं. उकाडा आणि दमटपणा इतका, की झोपायच्या चटईवर अळंबी उगवत. कधी दिवसच्या दिवस दिवा जळत ठेवत, कधी दिवसच्या दिवस अंधार. खाली एक भोक होतं, तिथे नाक लावून ते जमिनीवर पडून राहत, कारण हवा तेवढीच. पावसात त्याच भोकातून किडे आत येत. न्हा ट्रांगच्या त्यांच्या स्वतःच्या कॅथेड्रलची घंटा तिथे ऐकू येई. ती ऐकून जीव कासावीस व्हायचा. आठ वर्षं बिशप म्हणून केलेलं सगळं काम डोळ्यांपुढे येई: सेमिनरी, शाळा, आश्रयाला आलेले लोक. आता ते सारं मोडणार. अशाच एका रात्री त्यांना आतून उमगलं, की ती देवाची कामं होती, देव नव्हता. कामं देवाने काढून घेतली तर तो दुसऱ्या कुणाकडून करून घेईल. मी देवाला निवडलं आहे, आणि देव तर या कोठडीतही आहे. त्यानंतर त्यांना शांती लाभली, असं ते सांगतात. मी हा भाग वाचते तेव्हा दर वेळी थांबते. आपली बहुतेक चिंता ‘माझं काम माझ्यामागे कोण करील’ याचीच असते.

पहारेकरी सुरुवातीला त्यांच्याशी बोलत नसत. वरून तशी ताकीद होती आणि दर पंधरा दिवसांनी माणसं बदलली जात, न जाणो या बिशपची लागण व्हायची. शेवटी वरिष्ठांनीच बदल्या थांबवल्या, नाहीतर सगळेच पहारेकरी बिघडतील म्हणून. थुआन त्यांना परदेशातल्या गोष्टी सांगत, फ्रेंच-इंग्रजी शिकवत. एकाला लॅटिन शिकायची हौस आली. तो पवित्र आत्म्याला आवाहन करणारं जुनं लॅटिन स्तोत्र शिकला आणि रोज सकाळी कवायतीला जाताना मोठ्याने म्हणू लागला. एकांतवासातल्या कैद्याची सकाळ एका कम्युनिस्ट पहारेकऱ्याच्या तोंडच्या स्तोत्राने सुरू व्हायची!

थुआन जगले तो ‘आज’ येशूच्याच उपदेशातला. येशूने डोंगरावर लोकांना उद्याची चिंता करू नका म्हणून सांगितलं, तेव्हा समोर कोण बसलं होतं? गालीलातले कोळी, शेतकरी, करांनी वाकलेली माणसं. त्याच्याच एका दाखल्यात दिवसभर बाजारात काम मिळण्याची वाट पाहत उभे राहिलेले मजूर आहेत. संध्याकाळी एक दिनार हाती पडला तर चूल पेटायची. उद्या खरोखरच अनिश्चित असलेल्यांना केलेला हा उपदेश आहे. भरल्या पोटाच्या माणसाने उपाशी माणसाला ऐकवायचं वाक्य ते नाही. आणि तरतूद करू नका असंही त्यात नाही. अरण्यात इस्राएल लोकांना मिळालेला मान्ना रोजच्यापुरताच गोळा करायचा होता, जास्तीचा ठेवला की त्यात किडे पडत. पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा होती, कारण सातवा दिवस विसाव्याचा. तेव्हा विम्याचा हप्ता भरणं म्हणजे अश्रद्धा नव्हे.

असा ‘आज’ मी घरीही पाहिला. माझी आई शेवटी अंथरुणाला खिळली होती. शेजारची काकी दुपारी मुंबईहून भाजी विकून परत आली, की टोपली दारात ठेवून सरळ आईच्या खाटेपाशी यायची. आईचे केस विंचरत बाजार सांगायची. वांगी कितीला गेली, केळफूल कुणी घासाघीस करून नेलं. आईने उभा जन्म हाच धंदा केलेला. भाव ऐकून ती चिडायची, “एवढ्याला दिलीस?” आणि मग दोघी हसायच्या. त्यानंतर रोझरी. आईचं दुखणं त्याने बरं झालं नाही. पण तेवढा वेळ ती रोगी नसायची, भाजीवाली असायची.

थुआन यांच्या गोष्टीत मला सर्वांत जवळचा वाटतो तो बाटलीचा प्रसंग. अटकेनंतर त्यांना घरी पत्र लिहायची परवानगी मिळाली. कपडे, टूथपेस्ट मागवताना त्यांनी ‘पोटदुखीसाठी थोडं औषध’ असंही लिहिलं. लोकांना अर्थ कळला. मिस्साचा द्राक्षारस भरलेली छोटी बाटली आली, वर चिठ्ठी पोटाच्या औषधाची. दमट हवेत खराब होऊ नयेत म्हणून होस्तिया टॉर्चमध्ये लपवलेल्या. अधिकाऱ्याने विचारलं, पोट दुखतं का? हो. मग हे तुमचं औषध. त्यानंतर ते तळहातावर द्राक्षारसाचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब घेऊन मिस्सा करत, आणि तो त्यांच्या दिवसाचा सर्वांत मोठा आनंद असे. तो आनंद त्यांनी एकट्याने कमावला नव्हता. कुणीतरी बाटली भरली, कुणी चिठ्ठी लिहिली, कुणी पकडलं जायचा धोका पत्करून ती पोचवली. कॅलेंडरची पानं पाठवणारी ती आईसुद्धा त्यातलीच.

21 नोव्हेंबर 1988 रोजी ते सुटले, 2001 मध्ये कार्डिनल झाले आणि पुढच्याच वर्षी वारले. 2017 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना ‘वंदनीय’ घोषित केलं.

तुमच्या ओळखीत कुणी अंथरुणावर असेल, कुणाची नोकरी गेली असेल, तर आजच्या दिवसात आनंदाने जगायचा उपदेश त्यांना करू नका. या आठवड्यात त्यांच्या घरी एक डबा घेऊन जा आणि जरा वेळ बसा.